भयाची आणेवारी

सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या आणि कपाशी-तूर अजून शेतात उभी असली, की आमच्या मंगरूळपीरला पारावर, हॉटेलात आणि मोटारस्टँडवर एकाच प्रश्नाची चर्चा सारख्याच आस्थेने सुरू होते : यंदा पिकाची आणेवारी किती लागणार? सरकारी कागदावर तिची पैसेवारी होऊन पुष्कळ वर्षे लोटली, पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या तोंडून तो जुना शब्द काही गेलेला नाही. ही आणेवारी एकदाच ठरत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस नजरअंदाज, ऑक्टोबरच्या अखेरीस सुधारित आणि डिसेंबरच्या अखेरीस अंतिम अशी ती आमच्या भागात तीनदा जाहीर होते. आणि नजरअंदाजाच्या वेळी डोळे निववणारे शेत अंतिम आणेवारीत ५० पैशांच्या आत आलेले ज्याने एकदा पाहिले आहे, तो माणूस उभ्या पिकाकडे बघून फैसला करण्यास पुन्हा सहसा धजत नाही.

भयकथाकार नारायण धारपांच्या कथांपैकी सर्वांत चांगल्या कोणत्या, त्यांचा क्रम कसा लावावा, हा प्रश्न वाचनाची आवड असलेली मंडळी एकत्र जमली की हटकून निघतो, आणि जो तो ज्या कथेने आपली झोप उडवली तिचे नाव घेऊन मोकळा होतो. ही नजरअंदाज आणेवारी आहे. तिला किंमत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या रात्री कथा वाचली त्या रात्रीची धडधड हेच जर भयकथेचे अंतिम माप मानले, तर धारपांवर, आणि त्यांच्यापेक्षाही अधिक त्यांच्या वाचकांवर, आपण अन्याय करू, असे मला दीर्घ काळ वाटत आले आहे.

कथांची आणेवारी काढण्याची कल्पना मूळची माझी नव्हे. मी शाळेत असताना गावातल्या वाचनालयातून धारपांचा एक कथासंग्रह घरी आणला होता. त्याचे मुखपृष्ठ केव्हाच गळून गेले होते. रेक्झिनच्या पुठ्ठ्यात त्याची पुन्हा बांधणी झाली होती, आणि बांधणाऱ्याने दोरा इतका आत घेतला होता की डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची अक्षरे वाचण्यासाठी पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावे लागे. अनुक्रमणिकेच्या पानावर प्रत्येक कथेच्या नावापुढे कोणीतरी बारीक पेन्सिलीने आकडे घातले होते : दहा आणे, बारा आणे, सहा आणे. १९५७ साली दशमान नाणी आली त्याआधीच ज्याचा हात हिशेबात मुरला असेल अशा माणसाचे ते अक्षर होते. एखादा जुना पटवारी असावा, अशी माझ्या वडिलांची अटकळ होती. त्यातही विशेष हे, की बऱ्याच आकड्यांवर आडवी रेघ मारून शेजारी दुसरा आकडा लिहिलेला होता, आणि दोन-तीन ठिकाणी त्यावरही रेघ ओढून तिसरा. त्या अनाम वाचकाने ते पुस्तक निदान तीनदा नेले होते आणि प्रत्येक वेळी पीक नव्याने पाहिले होते. सोळा आणे मात्र त्याने एकाही कथेला दिले नव्हते.

एका सामान्य वाचकाने केलेला हा उद्योग आमच्या समीक्षेने केला नाही. धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली गेले. पन्नास वर्षांच्या आसपास त्यांनी सातत्याने लिहिले. 'लुचाई', 'शपथ', 'चेटकीण', 'ग्रहण' ही त्यांची नावे ज्या घरात दुसरे एकही वाङ्मयीन नाव पोहोचले नव्हते त्या घरातही पोहोचली. 'गोग्रॅमचा चितार' आणि 'नेनचिम' यांसारखे विज्ञानाच्या अंगाने जाणारे लेखन त्यांनी केले. तरीही 'लोकप्रिय' हा एकच शिक्का मारून त्यांचे सगळे दप्तर एका फडताळात टाकून देण्यात आले. ज्याला एकदा लोकप्रिय म्हटले, त्याच्या लेखनात डावे-उजवे करण्याचे कारण उरत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. प्रतवारी लावणे म्हणजे एखाद्याचा उपमर्द करणे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक प्रतवारी ही आदराची पहिली पायरी आहे, कारण पडीक जमिनीची आणेवारी कोणी काढत नाही.

भयाकडे पाहण्याच्या या अनास्थेचे मूळ बरेच खोल आहे. भरताने आठ रसांत भयानकाला स्थान दिले खरे, पण तो रस स्त्रियांच्या आणि हीन प्रकृतीच्या पात्रांच्या ठायी सांगितला. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने गुरूपुढे किंवा राजापुढे दाखवावयाचे भय हे कृतक असावे, अशी त्याची योजना आहे. शृंगार, वीर, करुण यांनी माणूस उंचावतो आणि भयाने तो लहान होतो, हा संस्कार तेव्हापासून आमच्या रसिकतेत वस्तीला आहे. जो वाचक स्वतःला सुसंस्कृत समजतो तो धारप वाचतो, पण वाचल्याचे सांगत नाही. आणि सांगितलेच तर 'लहानपणी वाचले होते' अशी पुस्ती जोडतो. भय ही मात्र लहानपणीची भावना नव्हे. पन्नाशीच्या माणसाला रुग्णालयातून येणाऱ्या अहवालाचे, परगावी असलेल्या मुलाच्या न लागणाऱ्या फोनचे, पावसाने दीड महिना दडी मारलेल्या आभाळाचे जे भय वाटते, ते चौदा वर्षांच्या मुलाच्या भयापेक्षा तिळमात्र उणे नसते. त्याला फक्त ते बोलून दाखवण्याची मुभा उरलेली नसते. भयकथा ही मुभा देते, आणि हे कार्य मी क्षुद्र मानीत नाही.

आता माझ्या स्वतःच्या आणेवारीकडे येतो. धाब्याच्या घरात, वीज गेलेल्या रात्री, कंदिलाची काच काजळत चाललेली असताना मी धारप प्रथम वाचले, तेव्हा माझ्या यादीत सर्वांत वर होत्या त्या समर्थ या नायकाच्या कथा. अमानुष शक्तीच्या कचाट्यात कोणी निरपराध सापडावा, सर्व मानवी उपाय थकावेत, आणि मग ज्ञानाने व साधनेने समर्थ झालेला एक पुरुष त्या अंधारात शांतपणे पाऊल टाकून उभा राहावा, या रचनेत जे आश्वासन आहे ते मला तेव्हा अन्नासारखे लागत असे. याचे कारण गावाशीही निगडित असले पाहिजे. विदर्भात मंगरूळ नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यांतले अमरावती जिल्ह्यातले एक मंगरूळ दस्तगीर म्हणून ओळखले जाते, तर आमचे मंगरूळपीर. गावाच्या नावातच रक्षणकर्ता वसलेला आहे. दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे स्थान यांच्या भरवशावर ज्या गावातली माणसे आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढीत आली, त्या गावातल्या मुलाला समर्थ ओळखीचे वाटावेत यात नवल नव्हते. बोरीच्या काट्यांच्या पांदणीत भूल पाडणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ या सर्वांची माहिती त्याला आधीपासूनच होती. त्यांच्यासमोर उभा राहणारा माणूस तेवढा हवा होता.

परंतु त्या पेन्सिलवाल्या वाचकाने जिथे जिथे आकडा खाली आणला होता, त्यांतल्या बहुतेक कथा समर्थांच्या होत्या, हे मला पुढे ध्यानात आले. आणि स्वतः दुसऱ्यांदा वाचताना त्याचे कारणही उमगले. रक्षणकर्ता येणार हे एकदा ठाऊक झाले, म्हणजे भयाला कुंपण पडते. पहिल्या वाचनात जो दिलासा वाटतो, तोच दुसऱ्या वाचनात कथेची मर्यादा होऊन बसतो. समर्थांच्या कथांना मी आजही दहा आण्यांच्या खाली जाऊ देत नाही, कारण भेदरलेल्या मनाला धीर देणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या कथेत कोणी येत नाही, तिला त्यांच्या वर बसवल्यावाचून गत्यंतर नाही.

सुधारित आणेवारीत दुसरा प्रश्न येतो तो उसनवारीचा. 'लुचाई'चे स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट'शी, 'शपथ'चे त्याच्याच १९८६ सालच्या 'इट'शी असलेले नाते आता जाणकार वाचकांपासून लपलेले नाही. कर्ज हे कर्ज म्हणूनच खात्यावर घातले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. परंतु उसने बियाणे आणून ते कोणत्या मातीत पेरले आणि काय उगवले, हे पाहण्याचे काम त्याने संपत नाही, उलट सुरू होते. याच किंगने १९८१ साली 'डान्स मकाब्र' या आपल्या विवेचक ग्रंथात भयाच्या तीन पायऱ्या लावल्या आहेत : सर्वांत वर न दिसणाऱ्या गोष्टीची दहशत, त्याखाली डोळ्यांना दिसलेले भयंकर, आणि अगदी तळाशी किळस. वरची पायरी साधत नसेल तेव्हाच तो खालची वापरतो, असे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली होती. किंग जणू त्या उगमापासून शक्य तितके दूर जाण्याची धडपड करतो. धारपांच्या ज्या कथा चिखल, दुर्गंधी, लिबलिबीत स्पर्श यांवर विसंबल्या आहेत त्या माझ्या यादीत दरवेळी घसरल्या, आणि ज्या कथांत घरातली एखादी परिचित वस्तू किंचित जागची हलल्यासारखी वाटते त्या वर चढल्या.

यांतली सर्वांत वर चढलेली कथा 'आजी'. तिचीही मुळे किंगच्या 'ग्रॅमा' या १९८४ सालच्या कथेपर्यंत जातात. त्या अमेरिकन कथेत अकरा वर्षांचा एक मुलगा आपल्या अंध, अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ घरात एकटा राहतो. आजीची खोली निराळी आहे, तिच्या मिठीची त्याला पूर्वीपासून धास्ती आहे, आणि कथेचे सारे भय त्या खोलीच्या दारात दबा धरून बसले आहे. मराठी घरात आजीला निराळी खोली कुठली? तिची गोधडी हीच नातवाची गोधडी असते. अंधाराला भ्यालेले मूल ज्या कुशीत शिरते ती तिचीच कूस असते. ज्या भयापासून दूर पळून आजीकडे जावे, ते जर आजीतच असेल, तर पळण्यासाठी जागाच राहत नाही. 'आजी' हा एक शब्द मराठीत उच्चारताच जे ऊबदार जग उभे राहते, ते तसेच ठेवून त्याच्या आत भय ठेवणे, हे धारपांचे स्वतःचे पीक आहे, बियाणे कुठलेही असो. इथे समर्थ येत नाहीत. माझ्या आजीच्या हातांना नेहमी ओव्याचा आणि राखेचा वास येत असे. ही कथा मी वाचली तेव्हा ती जाऊन वर्ष झाले होते, आणि त्या रात्री मला भीती वाटली त्यापेक्षा तिची आठवण अधिक आली. ही आठवण मी कथेच्या खात्यावरच जमा धरतो.

या कथेची पुढची हकीकतही विदर्भातच घडली आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारपांची कथा तोंडी सांगितली, आणि त्या रात्री मनात रुजलेल्या भयातून पंचवीस वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांचा 'तुंबाड' हा चित्रपट पडद्यावर आला. त्यातला हस्तर नावाचा राक्षस मुळात अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स याच्या एका कथेत मेंढपाळांचा सौम्य देव म्हणून अवतरला होता. हातोहाती फिरता फिरता तो भीषण झाला, किंगच्या 'ग्रॅमा'त शिरला आणि अखेर कोकणातल्या पावसात येऊन पोहोचला. जी कथा छापील पानावर नसतानाही, केवळ आठवणीतून सांगितली असता, ऐकणाऱ्याच्या मनात पाव शतक टिकते, तिची अंतिम आणेवारी काय लागते हे निराळे सांगावयास नको.

रत्नाकर मतकरींचे नाव इथे घेतल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या गूढकथा भुताखेतांच्या वाटेला क्वचितच जातात. त्यांचे भय माणसाच्या मनातून निघते आणि मनातच परतते, म्हणून त्यांचा क्रम वेगळ्या मापाने लावावा लागेल, आणि तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मात्र साहित्य अकादमीने २०१८ साली त्यांना जो पुरस्कार दिला तो बालसाहित्यासाठी होता, गूढकथेसाठी नव्हता, एवढी नोंद करून ठेवतो.

मध्यंतरी त्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यातल्या पुस्तकाची मी चौकशी केली. दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक सापडला. समोर 'जीर्ण, बाद' असा तांबड्या शाईचा शेरा होता. १९६७ च्या कायद्यानंतर वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग झाले आणि ग्रंथसंख्येचे तक्ते वर्षाच्या वर्षाला कचेरीत जाऊ लागले. त्या तक्त्यात न उघडलेले पुस्तक आणि वाचून वाचून सुटे झालेले पुस्तक यांची किंमत एकच धरली जाते. परिणामी जे सर्वाधिक वाचले गेले तेच सर्वांत आधी रद्दीत गेले, आणि त्याच्याबरोबर वाचकांनी केलेली सगळी आणेवारीही गेली. धारपांच्या कितीतरी कथा जुन्या मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांत आहेत, आणि ते अंक आज माळ्यावर, ट्रंकेत, कोठीघराच्या कोनाड्यात पडून आहेत. मंगरूळ, कारंजा, वाशीम या बाजूच्या ज्या घरांत असे अंक असतील, त्यांनी ते या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नयेत. निदान अनुक्रमणिकेचे पान उघडून पाहावे, आणि त्यावर कोणाची पेन्सिल उमटलेली दिसली तर तो अंक जपून ठेवावा.