पिशवीतली दोन वजने

सोयाबीनच्या हंगामात जालन्याच्या मोंढ्यात गाड्यांच्या रांगा लागतात. व्यापारी ढिगातून मूठभर दाणे उचलतो, तळहातावर चोळतो, ओलाव्याचा अंदाज घेतो आणि भाव बोलतो. मग माल काट्यावर चढतो आणि सगळ्यांच्या नजरा आकड्यावर खिळतात. पेरणीपासून मळणीपर्यंतची मेहनत त्या आकड्यात उतरायची असते. बदनापूर, परतूर, मंठा, भोकरदन, कुठल्याही बाजारात जा, हा क्षण सारखाच असतो. बायबलमधील नीतिसूत्रांच्या पुस्तकाला हा क्षण चांगला ठाऊक आहे. त्याच्या अकराव्या अध्यायाची सुरुवातच तराजूने होते. फसवा तराजू देवाला मुळीच खपत नाही आणि पुरे माप पाहून त्याला संतोष होतो, असा त्या वचनाचा आशय आहे. देव आपल्याला कुठे पाहतो, या प्रश्नाला शलमोनाच्या या ग्रंथाने दिलेले एक उत्तर असे आहे : काट्यापाशी.

मोशेच्या नियमशास्त्रात हा विषय अधिक तपशिलाने येतो. त्या काळी व्यापारी वजनाचे दगड कमरेच्या पिशवीत बाळगून फिरत. यहूदा प्रांतातील उत्खननांत असे चुनखडीचे, खुणा कोरलेले दगड सापडले आहेत. एक शेकेल म्हणजे साधारण ११ ग्रॅम. लबाडी करणारा माणूस दोन संच ठेवी. घेताना जड दगड, देताना हलका. अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात यावर बंदी आहे, आणि तिची भाषा नीट वाचण्यासारखी आहे. खोटे वजन वापरू नका, एवढ्यावर ती थांबत नाही. पिशवीत दोन वजने असूच नयेत, घरात दोन मापे असूच नयेत, असे ती सांगते. 'ठेवले आहे, पण वापरत नाही' ही सबब तिथे चालत नाही. कारण सोयीच्या वेळी हाताशी असावे म्हणून आपण जे जपून ठेवतो, त्यावरून आपला स्वभाव ओळखू येतो.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. ख्रिस्ताने जी सर्वांत मोठ्या आज्ञांपैकी एक म्हणून सांगितली, तीच ही. त्याच अध्यायाच्या शेवटी तराजू, वजने, धान्याचा एफा आणि द्रवाचा हिन हे खरे असावेत, अशीही आज्ञा आहे. शेजाऱ्यावरची प्रीती आणि पुरे माप एकाच अध्यायात राहतात. ज्याला आपण कमी मोजून दिले, त्याच्यासाठी केलेली प्रार्थना अपुरीच राहते.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा मेंढपाळ आमोस देवाचा संदेश घेऊन उभा राहिला. त्याने ज्या व्यापाऱ्यांना फटकारले, ते देवधर्म सोडलेले लोक नव्हते. चंद्रदर्शनाचा सण ते पाळत, शब्बाथाला दुकानही बंद ठेवत. पण उपासनेच्या दिवशी त्यांच्या मनात एकच विचार घोळे : हा दिवस कधी संपेल, दुकान कधी उघडेल, माप लहान करून आणि वजन वाढवून आपण पुन्हा कधी विकू लागू? आमोसाच्या आठव्या अध्यायातील हे चित्र वाचताना मान खाली जाते. रविवारी देवळात गायलेल्या भजनाचा कस सोमवारी बाजारात लागतो.

जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीला हा धडा परका नाही. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला आणि १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. नारायणराव पुढे धर्मोपदेशक झाले आणि १८६० च्या दशकात निजामाच्या राज्यातील जालन्यात त्यांनी काम उभे केले. सर सालारजंग तेव्हा हैदराबादचे दिवाण होते. त्यांच्या राजवटीत जमीन मिळवून नारायणरावांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत बोलले. पण त्यांची आठवण जपायची ती त्या सन्मानासाठी नाही. ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस जालन्यात विशेषकरून मांग समाजाच्या कुटुंबांमध्ये राबला, आणि त्यांच्यासाठी त्याने नुसते देऊळ बांधले नाही, गाव वसवले.

गाव म्हटले की शेताचा बांध आला, विहिरीवरची पाळी आली, उसनवारी आली, मजुरी आली. या प्रत्येक ठिकाणी माणसाला दोनपैकी एक वजन उचलावे लागते. ज्यांच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या अपुरे मापच पडले होते, त्यांच्या वस्तीत तरी पुऱ्या मापाने व्यवहार व्हावा, ही ख्रिस्ती गावाकडून रास्त अपेक्षा होती. ती आजही आपल्याकडून आहे.

आजच्या काट्यांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, आकडे लाल दिव्यांत दिसतात. तरी दोन वजने संपलेली नाहीत, त्यांनी रूप बदलले आहे. क्विंटलमागे बेकायदा कडता कापणारा अडत्या एक वजन बाळगतो. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी शिंपडणारा आणि चांगली बोंडे गाठोड्याच्या वर लावणारा शेतकरी दुसरे. मोसंबीच्या ढिगात मोठी फळे दर्शनी लावणारा, दुधात पाणी घालणारा, विजेच्या तारेवर आकडा टाकणारा, हे सगळे त्याच पिशवीचे धनी. बियाण्याच्या बाबतीत तर जालन्याने अधिकच जपायला हवे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालन्याचे बियाणे देशभर गेले. बियाण्याची पिशवी शेतकरी पारखून घेऊ शकत नाही. त्याला छापलेल्या अक्षरांवर भरवसा ठेवावा लागतो. खोटे बी उघडे पडते तेव्हा पाऊस निघून गेलेला असतो आणि हंगाम परत येत नाही. जिथे समोरच्याला तपासून पाहता येत नाही, तिथे आपली सचोटी हाच त्याचा एकमेव आधार असतो.

घेणाऱ्याच्या लबाडीकडेही नीतिसूत्रांनी डोळेझाक केलेली नाही. विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक येते. समोर असताना ते मालाला नावे ठेवते आणि घरी जाताना स्वस्तात मिळाल्याची बढाई मारते. उपासना आटोपून घरी परतताना रस्त्याकडेच्या म्हातारीशी मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपणही त्याच रांगेत आहोत.

मजुरीचे माप याहून मोठे आहे. राबणाऱ्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंतांना बजावले आहे, की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो. कापूस वेचणाऱ्या बायांचे पैसे 'पुढच्या बाजाराला देतो' म्हणून ढकलणे, उचल घेऊन फडात गेलेल्या ऊसतोड जोडप्याच्या हिशोबात वाढवून खाडे धरणे, घरकाम करणाऱ्या मावशींचा आजारपणाचा पगार कापणे, ही आपल्या जिल्ह्यातली त्या वचनाची उदाहरणे आहेत. देवाच्या दरबारात या तक्रारी आपल्या प्रार्थनांच्या आधी पोहोचतात, असे मला वाटते.

काही वजने डोळ्यांना दिसतही नाहीत. तुम्ही ज्या मापाने दुसऱ्याला मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजले जाईल, असे प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले. आपली लेक माहेरी चार दिवस जास्त राहिली तर ती थकलेली असते, सून राहिली तर तिला घराची ओढ नसते. आपल्या मुलाने परीक्षेत कॉपी केली तर पेपर अवघड होता, शेजाऱ्याच्या मुलाने केली तर संस्कार नाहीत. घरोघर ही दोन वजने रोज वापरली जातात आणि मुले ती बघून शिकतात.

मंडळीच्या पैशालाही हेच लागू आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेले दान पोचवताना पौलाने सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली. व्यवहार देवासमोर आणि माणसांसमोरही स्वच्छ दिसावा, हा त्याचा आग्रह करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. पौलासारख्या प्रेषिताला हिशोब उघडा ठेवण्यात कमीपणा वाटला नाही. मग दानाच्या पेटीचा, मिशनच्या जमिनींचा हिशोब विचारणाऱ्याला आपण मंडळीचा वैरी का ठरवावे?

यावर एक प्रश्न येतोच : असे वागून पोट भरते का? नीतिसूत्रे खोटा दिलासा देत नाहीत. अन्यायाच्या मोठ्या मिळकतीपेक्षा नीतीने मिळवलेले थोडके बरे, असे सोळावा अध्याय सांगतो. म्हणजे सचोटीच्या वाट्याला थोडके येऊ शकते, हे त्याला मान्य आहे. तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा माणूस देवाकडे ना श्रीमंती मागतो ना गरिबी. पोट भरले तर मी तुला विसरेन आणि रिकामे राहिले तर चोरी करीन, अशी त्याला भीती आहे. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलेल्या जालन्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. उपाशी माणसाला सचोटी फार महाग पडते. म्हणूनच काटा सरळ करण्याची पहिली जबाबदारी ज्याच्या हातात काटा आहे त्याची. ज्याचे पोट भरलेले आहे, त्याने गरिबाला प्रामाणिकपणाचे प्रवचन देण्याआधी त्याची मजुरी द्यावी.

मन बदलले म्हणजे नेमके काय होते, हे लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात दिसते. यरीहोतला जकातदार जक्कय लोकांना लुबाडून गबर झाला होता. येशूने त्याला झाडावरून खाली बोलावले आणि त्याच्या घरी उतरला. झाडाखाली त्याला चारचौघांत बोल लावले नाहीत, लुबाडलेल्या पैशांचा हिशोब मागितला नाही. तरी जक्कय आपणहून उभा राहिला आणि हिशोबाचे बोलला : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि फसवून घेतलेले चौपट परत. फसवणुकीची कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच नियमशास्त्र सांगत होते. जक्कय त्यापलीकडे गेला, कारण आधी त्याला प्रेम मिळाले होते. तारण आज या घरी आले, असे येशूने म्हटले ते हे ऐकल्यावर. पश्चात्तापाचे अश्रू चांगलेच, पण परत केलेली रक्कम त्या अश्रूंची साक्ष देते.

म्हणून वाचकहो, येत्या रविवारच्या उपासनेआधी आपली पिशवी एकदा उघडून पाहा. कुणाची मजुरी राहिली असेल, कुणाचे माप कमी भरले असेल, कुणाला वेगळ्या वजनाने तोलले असेल, ते आठवा. त्याच्याकडे स्वतः जा, उरलेले देऊन या, आणि मग प्रार्थनेला बसा.