मालकी आणि निगा

खंडेनवमीला शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कोयता, पहार, नांगर, करवत यांना त्या दिवशी हळदकुंकू लागते. अलीकडच्या काळात या मंडळींत मोटारगाडीही येऊन बसली. दसऱ्याच्या सकाळी लाटंबार्से, साळ, मये, कुठल्याही गावातून फेरी मारावी. अंगणोअंगणी धुऊन पुसून ठेवलेल्या गाड्या झेंडूची माळ आणि आंब्याचा टाळा लेवून उभ्या दिसतात. ज्या साधनाच्या बळावर आपला संसार चालतो त्याच्यापुढे वर्षातून एकदा नम्र व्हावे, हा त्यामागील भाव आहे आणि तो उदात्तच आहे. परंतु पूर्वी कोयत्याला हळदकुंकू वाहणारा हात वर्षभर त्या कोयत्याला धारही लावीत असे. गाडीला माळ घालणाऱ्या आजच्या हातांपैकी किती हातांनी तिचे बॉनेट उघडून इंजिनातील तेल पाहिलेले असते?

प्रश्न वरवर पाहता घरगुती हिशेबाचा आहे. गाडीची देखभाल आपण स्वतः करावी, की पैसे मोजून कंपनीच्या अधिकृत शोरूमकडे सोपवावी? खिशाला काय परवडते आणि सवड किती आहे एवढे पाहून बहुतेक जण तो सोडवतात. थोडे खोल गेले तर मात्र त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आढळतो. एखादी वस्तू माझी आहे असे म्हणताना मी नेमके कशाचे उत्तरदायित्व स्वीकारतो? आणि ते पैसे देऊन दुसऱ्याच्या शिरावर ठेवता येते का?

या प्रश्नाचा विचार करताना ‘पूर्वी सारे जण सारे काही स्वतः करीत’ हा गोड समज प्रथम दूर सारला पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळची बैलगाडी घ्या. चाकाचे आरे बसवणे हे सुताराचे काम, चाकाला लोखंडी धाव चढवणे हे लोहाराचे. शेतकरी या दोन्ही कामांच्या वाटेला जात नसे. मात्र आसाला वंगण घालणे, चाक डगमगते की काय ते पाहणे, कुरकुर ऐकून दोषाचा अंदाज घेणे, हे त्याचे स्वतःचे काम होते आणि ते तो कोणावर सोपवीत नसे. म्हणजे त्या व्यवस्थेतही दोन गोष्टी निराळ्या होत्या. एक दुरुस्ती, जिला कसब लागते. दुसरी निगा, जिला लक्ष लागते. दुरुस्ती कारागिराकडे होती, निगा मालकाकडे होती. त्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, हे तिथे जन्मानेच ठरत असे आणि त्याच्या श्रमाचे मोल धान्याच्या पेंढीत दुसरा कोणी ठरवीत असे. तरीही निगा आणि दुरुस्ती यांतील तो भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आजचा आपला गोंधळ पुष्कळसा तो भेद विसरल्यामुळे झाला आहे.

मोटारीच्या पहिल्या काही दशकांतही तो भेद टिकून होता. मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी फियाट, पुढे जिला पद्मिनी हे नाव मिळाले ती, किंवा २०१४ पर्यंत बनत राहिलेली अॅम्बेसेडर, या गाड्या मालकाकडून थोडेबहुत ज्ञान वसूल केल्याखेरीज चालतच नसत. पावसाळ्यात प्लग ओला झाला, पॉइंटवर काजळी धरली, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला, की गाडी रस्त्यातच रुसे. डिक्कीत स्टेपनी आणि जॅकच्या सोबत पाना, पक्कड, प्लग पुसायचे पॉलिश पेपर हे सामान असेच. या ज्ञानाचा उगम पुष्कळदा हौसेत नव्हता, गाडीच्या दुबळेपणात होता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९८३ च्या अखेरीस मारुती आली आणि गाडी न कुरकुरता चालू शकते हे लोकांना कळले. तेव्हा बॉनेट उघडण्याची सवय हळूहळू सुटली, यात नवल नाही.

आजची गाडी तर निराळीच वस्तू आहे. इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, हे सारे संगणक ठरवतो. बिघाड झाला की तो स्वतःच सांकेतिक क्रमांकाच्या रूपाने नोंदवून ठेवतो, आणि तो क्रमांक वाचण्यास निराळे यंत्र लागते. एअरबॅग, एबीएस ब्रेक, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील काहीशे व्होल्टची बॅटरी, या गोष्टींशी अर्धवट ज्ञानाने खेळणे जिवावर बेतू शकते. म्हणून शोरूमच्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे क्षुल्लक नाही. तो म्हणतो, आपण आपले दात स्वतः काढत नाही, आपले कपडे स्वतः विणत नाही. मग गाडीच तेवढी स्वतः का दुरुस्त करावी? ज्याचे काम त्याने करावे. श्रमविभागणीने समाज संपन्न होतो, हे अॅडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचा दाखला देऊन सांगितले आणि इतिहासाने ते खरे ठरवले.

स्मिथचे म्हणणे खरे आहे, पण त्याच ग्रंथात त्याने एक धोकाही नोंदवला आहे. ज्या माणसाचे आयुष्य एकाच ठरावीक कृतीत जाते त्याची विचारशक्ती बोथट होते, अशी त्याला भीती वाटत होती. कामगाराविषयीची ही भीती आज ग्राहकालाही लागू पडते. ज्याला स्वतःच्या वापरातील एकही वस्तू आतून ठाऊक नाही, तो केवळ परावलंबी होतो असे नाही. त्याला समोरच्याचे काम चांगले की वाईट हेही ठरवता येत नाही. बिलावर ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’ असे लिहिलेले असते. ते आवश्यक होते का, ते खरोखर झाले का, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. मग तो एक तर आंधळा विश्वास ठेवतो, नाहीतर आंधळा संशय घेतो. प्रामाणिक कारागिरावर अन्याय दोन्हींमुळे होतो, कारण दोन्हींत त्याच्या प्रामाणिकपणाला किंमत उरत नाही. चांगल्या कामाची कदर करायची तर ते ओळखण्यापुरते तरी ज्ञान हवे.

ज्ञान हाताने येते, याचे मराठी उदाहरण फार दूरचे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आपल्या शेजारच्या बेळगावात सायकलीचे दुकान काढले. सायकली विकणे आणि दुरुस्त करणे हा तो व्यवसाय. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. शाळा-महाविद्यालयांची दारे आधीच उघडलेल्या समाजातला एक माणूस हात काळे करण्यास लाजला नाही, आणि त्या काळ्या हातांतून एक उद्योग जन्मला. प्रत्येकाने कारखाना काढावा असा याचा अर्थ नाही. पण हाताने केलेल्या कामाला आपल्या सुशिक्षित घरांतून जी दुय्यम जागा दिली जाते, ती कमीपणाची कल्पना कुठून आली, हे तपासून पाहावे. पुष्कळदा ‘मला सवड नाही’ या शब्दांआड ‘हे काम माझे नव्हे’ हा जुना, जातीच्या उतरंडीतून आलेला भाव लपलेला असतो. पैसे देऊन काम करून घेण्यात गैर काही नाही; मात्र काम करणाऱ्याला खालचा समजण्यासाठी पैसे देणे गैर आहे. ज्याने एकदा तरी गाडीखाली पाठ टेकून गंजलेला बोल्ट सोडवला आहे, त्याच्या तोंडून गॅरेजमधल्या पोराला ‘अरे-तुरे’ सहसा निघत नाही.

आपल्या डिचोली तालुक्याला या विषयाचा आणखी एक धडा मिळालेला आहे. खाणींच्या भरभराटीत इथल्या कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. मांडवीच्या धक्क्यांकडे खनिज वाहणाऱ्या या ट्रकांच्या मालकांना गाडी एक दिवस उभी राहणे म्हणजे फेरी बुडणे, हे पक्के ठाऊक होते. पाटा, क्लच, टायर यांविषयी त्यांना जे कळे ते पुस्तकातून आलेले नव्हते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही काळ सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात उभे राहिले. उभ्या गाडीचे टायर पावसाळ्यागणिक कसे कुजतात, बॅटरी कशी मरते, हे गावाने पाहिले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा चालू झाली, पण मधली वर्षे काही परत आली नाहीत. ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण खरी असली तरी तिला मर्यादा आहे, हे या हकिकतीतून दिसते. स्वतःचे यंत्र स्वतः जाणणारा माणूसही न्यायालय, बाजार, बँक यांच्या हातून सुटत नाही. स्वावलंबन हे सामर्थ्य आहे, कवच नव्हे.

मग मालकाचे कर्तव्य कुठवर? माझ्या मते याचे उत्तर आपल्या कायद्यानेच नेमके दिले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १९० नुसार, रस्त्यावर धोका निर्माण करील असा दोष गाडीत असताना ती चालवणारा, आणि ती चालवू देणाराही, दोषी ठरतो. तो दोष त्याला माहीत असो, किंवा साधारण काळजी घेतली असता त्याच्या ध्यानात आला असता असा असो. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब इथे पुरत नाही. कारण गाडी ही कोयत्यासारखी एकट्याची वस्तू नाही. टायर गुळगुळीत झाला तर घसरणारी गाडी दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावर जाते. दोडामार्गाच्या बाजूच्या वळणांवर आषाढात ब्रेक लागला नाही, तर त्याची किंमत शोरूम मोजत नाही. काम सोपवता येते. परंतु त्या कामाकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी सोपवता येत नाही. ही साधारण काळजी म्हणजेच आपली जुनी निगा.

निगा म्हणजे तरी काय? महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना टायरांतील हवा तपासणे. टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली नाही ना हे पाहणे. इंजिनातील तेल पट्टीवर, आणि रेडिएटरचे पाणी व ब्रेकचे तेल आपापल्या टाकीवरील खुणेपर्यंत आहे ना हे बघणे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. आपल्या कोकणी हवेत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी आणि ते वेळेवर बदलून घ्यावे. पाऊस सरला की गाडीच्या पोटाखालील गंज पाहावा. याला वर्कशॉप लागत नाही, पदवीही लागत नाही. याच्या पलीकडे ज्याला हौस आहे त्याने एअर फिल्टर बदलावा, प्लग काढून पाहावा, तेलही बदलावे. मात्र काढलेले काळे तेल परसात ओतू नये. आपली जमीन जांभ्या दगडाची, सच्छिद्र. वर ओतलेले खाली विहिरीच्या झऱ्याला मिळण्यास वेळ लागत नाही. जळके तेल कायद्यानेही घातक कचरा मानले आहे. स्वतःचे पैसे वाचवून शेजाऱ्याचे पाणी नासवणे याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. ब्रेकचे अंतरंग, एअरबॅग, विजेच्या गाडीची बॅटरी ही मात्र जाणत्याचीच कामे आहेत. स्वतःच्या अज्ञानाची सीमा ओळखणे हाही निगेचाच भाग होय.

हा जाणता कोण, हा प्रश्न उरतोच. शोरूम आणि स्वतःचे अंगण यांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे, ती नाक्यावरच्या गॅरेजची. अधिकृत सर्व्हिस सेंटर पुष्कळदा दूर असते. नाक्यावरचा मेकॅनिक मात्र रात्री हाक मारली तरी येतो. त्याला यंत्र उघडून दाखवण्यात अनमान नसतो, आणि त्याची अब्रू गावातच गुंतलेली असते. पण नव्या गाड्यांनी त्याची वाट अडवली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, असे आयोगाला आढळले. त्यावर पुढे अपिले झाली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि तिच्या विचारार्थ घेतलेल्या क्षेत्रांत मोटारींचाही समावेश केला. म्हणजे ‘स्वतः करावे की सोपवावे’ ही निवड आपल्या हाती राहील की नाही, हेच आता वादात आहे. दुसरा पर्यायच उरला नाही तर सोपवणे हा विश्वास राहत नाही, ती शरणागती होते.

तेव्हा शोरूममध्ये जाणाऱ्याला आळशी आणि पाना हाती घेणाऱ्याला थोर ठरवण्यात अर्थ नाही. वयोवृद्ध माणसाने, दिवसभर नोकरी करणाऱ्या स्त्रीने, किंवा ज्याला या कामाची गोडीच नाही अशा कोणीही गाडी खुशाल शोरूमला टाकावी. फक्त टाकताना काय करायचे ते विचारावे, काढलेला जुना भाग पाहण्यास मागावा, बिलातील ओळ समजून घ्यावी, आणि ज्याने काम केले त्याचे नाव माहीत करून घ्यावे. घरातील मुलामुलींना, दोघांनाही, चाक बदलण्यास शिकवावे. एवढे झाले तर मालकी नावापुरती राहणार नाही. येत्या खंडेनवमीला गाडीची पूजा करण्यापूर्वी बॉनेट उघडून तेलाची पट्टी पुसून पाहावी. हळदकुंकू त्यानंतर वाहावे.