आजीला विचारून लिहा

१९३७ साली आयर्लंडमधल्या शाळांत एक वेगळाच गृहपाठ सुरू झाला. नेहमीच्या निबंधाऐवजी घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं वहीत उतरवून आणायचं. पुरलेलं धन, पवित्र विहिरी, गावठी औषधं, पावसाची चिन्हं, आणि १८४५ पासूनचा तो भीषण बटाट्याचा दुष्काळ. दोन वर्षांत सुमारे ५,००० शाळांतली ५०,००० मुलं लिहिती झाली. कल्पना लोककथा आयोगाची; त्याचे संचालक शेमस ओ डुइलर्गा यांना घाई होती, कारण सांगणारी पिढी थकत चालली होती. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात आहेत. लोककथा गोळा करायला अकरा-बारा वर्षांची पोरं नेमणं मला तरी फार शहाणपणाचं वाटतं. नातवाला आजी जे सांगते, ते ती वही घेऊन आलेल्या साहेबाला थोडंच सांगणार?

या लोककथांत परीही येतात. परी म्हटलं की आपल्याला पंखवाली नाजूक मुलगी दिसते. तिथल्या परी मात्र तापट. त्यांचा उल्लेखही ‘भली माणसं’ असा जपून करायचा, आणि शेतातल्या एकट्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, कारण ते परींचं.

१९९९ मध्ये क्लेअर परगण्यात असंच एक झाड नव्या रस्त्याच्या आड आलं. कथाकार एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि झाड राखून रस्ता झाला. परी खऱ्या का, असं विचारलं तर तिथले बरेच जण हसून नाही म्हणतील. झाड तोडायला पुढे कोण येतंय, ते विचारून पाहा.