कोरा रकाना

आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या स्नानसंस्कार नोंदवहीत काही रकाने कोरे आहेत. कुठे जन्मतिथी नाही, कुठे आईचे माहेरचे नाव नाही. दाखल्यासाठी आलेली मंडळी आग्रह धरतात, "फादर, अंदाजाने लिहा ना काहीतरी!" आम्ही लिहीत नाही. कोरा रकाना निदान खोटे बोलत नाही.

हाच प्रश्न गेल्या नाताळात निराळ्या वेषात समोर आला. पुण्यात जनुकशास्त्र शिकणारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी सुटीत रत्नागिरीस आली होती. तिने आम्हांस 'आर' ही संगणकाची भाषा दाखविली. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात ती घडविली. तिच्या तक्त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस. जनुकातील एखादा बदल आईवडिलांपैकी कोणाकडूनच आला नसेल तर ०, एकाकडून आला असेल तर १, दोघांकडून आला असेल तर २. नमुना वाचताच आला नाही, तर 'एनए' अशी अक्षरे, म्हणजे 'ठाऊक नाही'. मौज अशी, की रकान्यात असे एक जरी 'ठाऊक नाही' असले आणि सरासरी विचारली, तर ही भाषा उत्तरही 'ठाऊक नाही' असेच देते. त्या नोंदी वगळ, असे माणसाने तिला मुद्दाम सांगावे लागते.

शून्य आणि 'ठाऊक नाही' यांत केवढे अंतर! विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल घ्या. वाहक दिसायला धडधाकट असतो. पण पतीपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली मोहीम सुरू केली. न वाचलेल्या नमुन्यापुढे कोणी घाईने शून्य मांडले, तर एखादे जोडपे निर्धास्तपणे वेदीपुढे उभे राहील. विवाहपूर्व मार्गदर्शन करताना हा विचार आमची पाठ सोडत नाही.

वगळणेही निर्धोक नाही. आमच्या खेड्यांत ऐन पावसाळ्यात तपासणी केली, तर चाकरमानी मुंबईत. जे सापडले नाहीत, तेच बहुधा लग्नाच्या वयाचे. मग निघणारी सरासरी गावाची नव्हे, मागे राहिलेल्यांची.

जनुकशास्त्राचा पाया घालणारे ग्रेगोर मेंडेल हेही धर्मगुरूच. त्यांनी १८६५ साली ब्रनोत मांडलेले वाटाण्यांचे आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात, अशी शंका फिशर यांनी १९३६ साली घेतली; मदतनिसाने ते सावरले असावेत, असाही त्यांचा तर्क होता. त्या वादात शिरण्याची आमची पात्रता नाही. सुबक आकड्याचा मोह मात्र आम्हांस ओळखीचा आहे. वार्षिक अहवाल आम्हीही लिहितो.

"मग त्या ओळींचे काय करू, फादर?" मुलीने विचारले.

"किती वगळल्या आणि का, ते निबंधात लिही."

"ते लिहिले की निष्कर्ष दुबळा वाटतो."

वाटू दे, आम्ही म्हटले.