साडेसातनंतर

घरी पाळणाघर काढू पाहणाऱ्या बायका अधूनमधून माझ्याकडे नियम विचारायला येतात. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत गेली अकरा वर्षे मी हा व्यवसाय करीत आहे. दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा पुठ्ठा टांगलेला आहे, तो मी त्यांना दाखवते. ताप आला तर मूल घरी न्यावे; डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषध दिले जाणार नाही; न्यायला दुसरे कोणी येणार असेल तर आधी कळवावे. या नियमांविषयी माझ्या मनात किंतु नाही. किंतु आहे तो शेवटच्या ओळीविषयी. ती मी पेन्सिलीने खोडली आहे, पण वाचता येते.

मूल साडेसातपर्यंत न्यावे, एवढाच मूळचा नियम. तो मोडणारी बाई पूर्वी जिना धावत चढे. "काकू, चुकलंच हो, ठाण्यापुढे गाडीच हलेना," असे दारातूनच म्हणे. पण पुढे रोज कोणी ना कोणी पाऊण तास उशिरा येऊ लागले, आमची जेवणे साडेनवावर गेली, तेव्हा यजमान म्हणाले, "दंड लाव." मलाही पटले. मुले सांभाळायचे कसले पैसे घ्यायचे, असे म्हणणारे लोक काही कमी नाहीत. माझा वेळ हाही वेळ आहे, हे एकदा रुपयांत सांगावे असे मनात होतेच. उशिराला पन्नास रुपये, असे मी पुठ्ठ्यावर लिहिले.

आणि जिन्यावरची धावपळ थांबली! बाया शांतपणे येऊ लागल्या. एकीने तर फोनवर सांगितले, "काकू, भाजी घेऊनच येते, आज पन्नास लावा." (बायाच का म्हणते मी? दोन मुलांना न्यायला वडील येतात. पण ते पूर्वीही कधी धावत आल्याचे मला स्मरत नाही.)

अर्थशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तेव्हा मला हैफाची हकिगत सांगितली. इस्राएलमधल्या त्या शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १० पाळणाघरे २० आठवडे पाहिली. त्यांचा लेख २००० साली प्रसिद्ध झाला. सहा ठिकाणी उशिराला १० शेकेल दंड बसवला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. दंड काढून घेतला तरी ते पूर्वपदावर आले नाहीत. जो दंड म्हणून लावला, तो लोकांनी भाडे म्हणून भरला! आणि भाडे भरल्यावर संकोच कशाचा?

पण मला बोचते ते निराळेच. हा सौदा आईचा नि माझा. साडेतीन वर्षांचा एक मुलगा सातलाच बूट घालून, दप्तर पाठीला लावून उंबऱ्यावर बसतो. घड्याळ त्याला कळत नाही. समोरच्यांच्या कुकरची शिट्टी कळते. ती झाली की आई यायची. शिट्टी होऊन गेली आणि आई आली नाही, तर तो माझ्याशी बोलत नाही, लाडू दिला तरी घेत नाही. पन्नास रुपये त्याच्या वाट पाहण्याचे होते; घेत होते मी.

दंड बंद केला. उशीर तेवढाच राहिला. मग उशिरा येणाऱ्या बाईला पाणी देऊन, तिचे मूल शिट्टीनंतर कसे बसले होते ते मी सांगू लागले. दोघी लवकर येऊ लागल्या. एक रागावली आणि तिने मूल दुसरीकडे घातले. तिचे चुकले असे मला म्हणवत नाही. पैशांऐवजी मी मनस्ताप वसूल करीत होते, आणि तो काही स्वस्त नव्हता.

एका जुलैत रुळांवर पाणी आले. त्या मुलाची आई रात्री सव्वाअकराला आली, गुडघ्यांपर्यंत भिजलेली. मूल माझ्या अंथरुणावर झोपले होते. बूट त्याने काढू दिले नव्हते. तिने ते पाहिले. मी काही बोलले नाही, चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर तिने पर्स उघडली आणि पुठ्ठ्याकडे पाहिले.

"काकू, ती ओळ खोडलीय का?"

मी हो म्हटले.

"आज घेतले असतेत तर बरं वाटलं असतं," ती म्हणाली, आणि मुलाला खांद्यावर घेऊन जिना उतरू लागली.