अभ्यासक कोणाचा ऋणी?

जे ज्ञान दुसऱ्याच्या घरात जाऊन मिळवायचे, ते कोणाचे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला स्थान मिळाले आहे. छत्रपती संभाजीनगरचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी काही आठवडे एखाद्या पतसंस्थेत बसतो, खातेवह्या पाहतो, अहवाल लिहितो. त्याला श्रेयांक मिळतात. ज्यांच्या ठेवींचा त्याने अभ्यास केला, त्यांना काय मिळते, हा प्रश्न आम्हांला नैतिक वाटतो.

दोन जुनी उदाहरणे विचारात घेऊ. डॉ. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि लोणी परिसरातील शेतकरी सहकारी साखर कारखाना उभारू लागले, तेव्हा गाडगीळांनी त्याचे अध्यक्षपद स्वीकारले. १९५० साली प्रवरानगरला गाळप सुरू झाले. स्पेनमधील मोंद्रागोन येथे फादर होसे मारिया आरिस्मेंदिअरिएता ह्यांनी १९४३ साली तंत्रशाळा काढली. तिच्यात शिकलेल्या पाच जणांनी १९५६ साली सहकारी उद्योग सुरू केला. दोन्ही ठिकाणी विद्या सभासदांच्या नफ्यातोट्याशी बांधली गेली होती.

आजच्या विद्यार्थ्याची कसोटी निराळी आहे. समजा, त्याच्या लक्षात आले की थकलेली कर्जे मार्चअखेर 'नवे-जुने' केली जातात; म्हणजे नवे कर्ज देऊन जुने फिटल्याचे दाखविले जाते, आणि ताळेबंद निरोगी दिसतो. त्याच्या प्रमाणपत्रावर सही मात्र त्याच व्यवस्थापकाची व्हावयाची आहे. त्याने काय लिहावे?

ज्यांनी दार उघडले, त्यांच्याशी कृतघ्न होऊ नये, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. कर्जदाराचे नाव गुप्त ठेवणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्यच आहे. परंतु ते दार व्यवस्थापकाच्या मालकीचे नाही. सहकारात मालक असतो तो सभासद. त्याचे भाग कितीही असोत, मत एकच. ताळेबंदच खोटा असेल, तर ते एक मतही आंधळे होते. २०२३ साली ह्याच शहरातील एका पतसंस्थेत ठेवीदारांचे कोट्यवधी रुपये अडकले, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत आयुष्याची पुंजी ठेवलेली साधी माणसे होती.

म्हणून कर्जदाराची नावे गाळून संस्थेची रीत लिहावी, असे आमचे मत आहे. मात्र हे ओझे वीस वर्षांच्या मुलामुलींवर एकट्याने टाकणे अन्यायाचे होईल. अहवालाची जबाबदारी मार्गदर्शक प्राध्यापकाने स्वतःच्या सहीने उचलावी. महाविद्यालयाने संस्थेशी आरंभीच करार करावा की, अहवालाचा मराठी सारांश वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाईल. ही अट ज्या संस्थेला मान्य नसेल, तेथे विद्यार्थी पाठवू नयेत.

विद्यार्थ्याचे ऋण सभासदांकडे आहे, आणि ते सत्य सांगूनच फिटते.