सल्ल्याला जामीन कोण?

सल्ला ही जगातली एकच वस्तू अशी आहे, की जी स्वतःजवळ नसली तरी माणूस ती दुसऱ्याला देऊ शकतो. बँकेत ह्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात आणि त्यावर व्याज लावतात. सल्ल्याला व्याज नाही, तारण नाही, जामीनदार नाही. बुडाला तर घेणाऱ्याचा बुडतो. देणारा दुसऱ्या दिवशी नवा सल्ला घेऊन हजर!

हा विचार डोक्यात यायला निमित्त झालं ते आमच्या विजेच्या गाडीचं. हिरवी नंबरप्लेट, त्यावर पांढरी अक्षरं. पेट्रोलची गाडी घेतली की लोक पेढे मागतात. विजेची घेतली की पेढा तोंडात असतानाच सल्ला सुरू होतो. तळमजल्यावरचे नाना म्हणाले, "ऐंशी टक्क्यांच्या वर बॅटरी भरायची नाही. पोटासारखंच आहे. दोन घास कमीच बरे." तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनियर मुलगा म्हणाला, "काका, आठवड्यातून एकदा तरी शंभर टक्के भरा हं!" आमचे मेव्हणे म्हणाले, "दोन वर्षं थांबायला हवं होतं." हा शेवटचा सल्ला गाडी दारात उभी राहिल्यावरच देतात, अशी रीत आहे.

आता गंमत ऐका. नाना आणि तो मुलगा, दोघांचंही खरं होतं. गाड्यांच्या बॅटऱ्यांत मुख्यतः दोन घराणी. एक निकेल-मँगेनीज-कोबाल्टवाली. तिला सदानकदा काठोकाठ भरून ठेवलं तर ती लवकर म्हातारी होते. तिच्यापुरते नाना बरोबर. दुसरी लोह आणि फॉस्फेटची, एलएफपी म्हणतात ती. हिचा स्वभाव मुरलेल्या हेडक्लार्कसारखा. पोट भरलेलं असो की निम्मं रिकामं, चेहऱ्यावर काही दिसत नाही. तिचं व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ एका पातळीवर राहतं, त्यामुळे आत किती शिल्लक आहे ह्याचा गाडीच्या संगणकाला नीट अंदाज येत नाही. मधूनमधून पूर्ण भरली की त्याचा ताळेबंद जुळतो. म्हणून अशा गाड्यांचे बरेच कारखानदार अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात. तेव्हा मुलगाही बरोबर. फक्त माझ्या गाडीत कुठली बॅटरी आहे, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं!

म्हणजे खरं बोलणारा माणूस भरवशाचा असतोच असं नाही. ह्या वाक्याने मी जरा दचकलो, कारण लहानपणापासून उलटं शिकवलेलं.

बरं, मग भरवसा कुणावर ठेवायचा? कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ह्यात ह्याचा फायदा काय? गाडी विकणाऱ्याचा फायदा उघड आहे. एका भरधाव आकड्यावर बोट ठेवून तो म्हणतो, "एवढी जातेच सर!" आता तो आकडा काही त्याने घरी बनवलेला नसतो. पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे, १९६६ सालची. अशा संस्थेत गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या पद्धतीने पळवतात. चार गाड्यांची तुलना करायला ते उत्तम. पण रोलरवर ना उन्हाळा, ना ट्रक, ना मागच्या सीटवर "एसी वाढवा" म्हणणारी मंडळी. एका प्रश्नाचं खरं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवलं, इतकंच.

पण फायदा नसलेला माणूस तरी भरवशाचा कुठे? नानांना माझ्या बॅटरीतून दमडी मिळायची नाही, आणि त्यांची दमडी जायचीही नाही. म्हणून तर ते इतके ठाम! जामीनदार कागद दोनदा वाचतो, कारण खाली त्याची सही असते. सल्ल्याखाली सही करायची पद्धत असती, तर आपल्याकडे केवढी शांतता नांदली असती!

सार्त्र नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ साली पॅरिसमध्ये एक व्याख्यान दिलं. त्यात एका विद्यार्थ्याची हकिकत आहे. युद्ध चालू, घरी एकटी आई. तिच्याजवळ राहावं की इंग्लंडला जाऊन लढणाऱ्यांना मिळावं? सार्त्रचं म्हणणं असं, की कुणाला विचारायचं हे ठरवलं तिथेच माणसाने अर्धं उत्तर निवडलेलं असतं. थांबायचं असेल तर पाय आपोआप मेव्हण्यांकडे वळतात. घ्यायचीच असेल तर शोरूमकडे. सल्ला दुसऱ्याचा, पण निवड आपली, आणि जबाबदारीही आपलीच.

आमच्या डोंबिवलीच्या नाक्यावर विजेची टॅक्सी चालवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना विचारलं, तर त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. "साहेब, रोजचं चालवणं किती? घरचा सॉकेट पंधरा अँपिअरचा आहे ना? अर्थिंग तपासून घेतलं का? बॅटरी कुठली? गाडीबरोबरचं पुस्तक वाचलंत?" मग म्हणाले, "पुण्याला जाताना घाटात जास्त खाते, उतरताना थोडी परत देते. चार्जिंगला एक जागा धरून जाऊ नका, दोन धरा." हिशेब मी नंतर करून पाहिला. खोपोलीहून खंडाळा पाचशे मीटरच्या आसपास उंच. दीड-पावणेदोन टन वजन तेवढं वर चढवायला नेहमीच्या खर्चावर सव्वादोन युनिट वीज जास्तीची लागते. उतरताना मोटरचा जनरेटर होतो आणि त्यातली काही परत मिळते. पण मला सगळ्यांत आवडलं ते त्यांचं शेवटचं वाक्य: "लडाखच्या थंडीचं मात्र विचारू नका, मी तिकडं गेलेलो नाही."

हे वाक्य मला काउंटरवर रोज आठवतं. कारण खुर्चीच्या ह्या बाजूला मीच नाना असतो. मध्यंतरी एक काकू आल्या. यजमान गेल्यावर मिळालेली रक्कम हातात होती. "भाऊ, तुम्हीच सांगा कुठं ठेवू." त्याच आठवड्यात विम्याच्या पॉलिसीचं टार्गेट पूर्ण करा म्हणून वरून निरोप आलेला. मी विचारलं, "काकू, पैसे कधी लागतील? घरात मिळवतं कोण? औषधपाण्याचा खर्च?" काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही होय!" पलीकडच्या टेबलावर ठामपणाची काही कमतरता नव्हती, आणि त्या तिकडेच बघत होत्या. मी तेच प्रश्न एका स्लिपवर लिहून दिले आणि म्हटलं, उत्तरं घेऊन या, तोवर कुठेही सही करू नका. दोन दिवसांनी त्या आल्या. तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, "गुडघ्याचं ऑपरेशन, दिवाळीनंतर." आता पाच वर्षं हप्ते भरायची पॉलिसी गळ्यात पडली असती, तर त्या गुडघ्याने जायचं कुठे?

प्रश्न विचारणारा अडाणी दिसतो आणि न विचारता सांगणारा तज्ज्ञ वाटतो, ही ह्या धंद्यातली खरी अडचण. म्हणून माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. जो आधी चार प्रश्न विचारतो आणि एका ठिकाणी तरी "हे मला ठाऊक नाही" म्हणतो, त्याचं ऐकावं. आणि आपल्याला कुणी विचारलं, तर आपणही निदान तेवढं करावं. बाकी गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक येतं. कारखान्याने छापलेलं, आपल्याच बॅटरीबद्दलचं आणि फुकट. ते वाचा, असा सल्ला टॅक्सीवाल्याखेरीज अजून मला कुणी दिलेला नाही.